चिमटीनं लावलेला नट

दुकानाकडं येणारी सायकल कुणाची, हे मला न बघता सांगता यायचं. कुणाच्या मडगार्डचा पत्रा खडखडायचा, कुणाची साखळी झाकणाला घासायची, आणि पायडल थांबवून सायकल नुसती घरंगळू लागली की फ्रीव्हीलची टिकटिक तर प्रत्येकाची वेगळी. राजय्याची तेवढी कळायची नाही. ती आवाज न करता यायची, दाराशी उभी राहायची, आणि त्यानं हाक मारली की मगच मान वर व्हायची. त्या सायकलीला फ्रीव्हील नव्हतं आणि हँडलला ब्रेकचे दांडेही नव्हते. ब्रेक मागच्या चाकाच्या मधोमध, हबमध्येच बसवलेला होता. पायडल पुढं मारलं की सायकल चालायची, पाय थांबवले की घरंगळायची, आणि पायडल उलटं दाबलं की थांबायची. सोलापुरात तशी दुसरी सायकल मी पाहिली नाही. गिरणीतला कुणी गोरा विणकाम मास्तर देश सोडून जाताना ती मागं ठेवून गेला म्हणे, आणि चार जणांकडून फिरत ती आमच्या दुकानात आली. आम्ही तिला गोऱ्याची सायकलच म्हणायचो. काळी, जड, उंच. नवखा माणूस तिच्यावर बसला की सवयीनं पाय मागं फिरवायचा आणि सायकल जागच्या जागी थांबून तो हँडलवर येऊन आदळायचा. म्हणून ती बरेच दिवस खुंटीला टांगून होती.

राजय्याला मात्र तीच हवी होती. त्याचा उजवा हात मनगटापासून नव्हता. यंत्रमागाच्या पट्ट्यात सापडला होता. ते माझ्या आठवणीच्या आधीचं. राहिलेल्या डाव्या हातानं हँडल धरायचं की ब्रेक ओढायचा, हा त्याचा प्रश्न होता, आणि पायानं थांबणारी सायकल हे त्याचं उत्तर होतं. तिच्या कॅरिअरवर सुताची पुडकी बांधून तो पूर्व भागातल्या घरोघरच्या मागांवर पोचवायचा. आपल्या हाताची थट्टा तोच करायचा. "देवाला चार हात, मला एक," तो माझ्या वडिलांना म्हणायचा. "दोगांचे मिळून पाच. सरासरी काडा की मालक, अडीच पडतात. तुमच्यापेक्षा अर्धा जास्तीच." वडील हसायचे नाहीत, पण त्याच्या चाकात हवा स्वतः भरायचे.

वडिलांना सगळी गल्ली तात्या म्हणायची, म्हणून आम्हीही तात्याच म्हणायचो. ते मूळचे करकंबचे. जमीन थोरल्या काकांवर सोडून ते शहरात आले आणि गिरणीच्या रस्त्यावर त्यांनी सायकलचं दुकान टाकलं. पुढं दुकान, मागं घर, मध्ये फळ्यांची भिंत. त्या फळ्यांतून सगळं इकडचं तिकडं जायचं. आई भाकरी थापायची ते दुकानात ऐकू यायचं, आणि दुकानात कुणी शिवी दिली की आतून आईचं भांडं जोरात आपटायचं. उखळात शेंगाची चटणी कुटली जायची तेव्हा तिच्या वासात ग्रीसचा आणि रॉकेलचा वास मिसळलेला असायचा. मला अजूनही चटणीत काहीतरी कमी आहे असं वाटतं, ते त्यामुळंच असावं. वेळ कळायची गिरणीच्या भोंग्यावर. भोंगा झाला की पाच-दहा मिनिटांत रस्ता सायकलींनी भरून जायचा आणि पाठोपाठ पंक्चरवाल्यांची रांग लागायची.

मी एकोणीस वर्षांचा होतो. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी नापास झालो होतो, आणि घरात बसून राहण्यापेक्षा दुकानात बसावं असं कुणी न सांगताच ठरलं होतं. काम मला येत होतं. वाकडं फिरणाऱ्या चाकाचा डग काढणं तर तात्यांपेक्षा मला लवकर जमायचं. पण तात्यांची एक सवय माझ्यात नव्हती. नट कसून झाला, पाना बाजूला ठेवला, की ते त्या नटावर एकदा अंगठा दाबायचे. क्षणभरच. मग पुढच्या कामाला लागायचे. त्या अंगठ्यावर त्यांचा पान्यापेक्षा जास्त विश्वास होता.

त्या वर्षी घरात घट बसले होते, आईचे नऊ दिवसांचे उपास चालू होते, आणि राजय्या सायकल हातानं ढकलत दुकानात आला. पायडल उलटं दाबलं की नुसतं फिरतंय, म्हणाला. दोन दिवस तो चप्पल रस्त्याला घासून सायकल थांबवत होता. चप्पल दाखवली. टाच अर्धी झिजली होती.

तात्यांनी चाक काढलं आणि हब उघडला. त्या हबचा एकही भाग सोलापुरात मिळत नव्हता, म्हणून तो उघडताना ते खाली स्वच्छ धोतराचा तुकडा अंथरायचे, कुठं छर्रा निसटू नये म्हणून. एकेक भाग रॉकेलमध्ये धुऊन त्यांनी ओळीनं मांडला आणि मला बसवून समजावलं. पायडल उलटं दाबलं की आतला एक तुकडा आट्यांवरून सरकत जातो आणि पितळेची दोन कवचं फाकवतो. ती कवचं हबला आतून घासतात, चाक थांबतं. पण त्या तुकड्यानं सरकायचं असेल तर त्याला कुणीतरी थोडं धरून ठेवलं पाहिजे, नाहीतर तो पायडलबरोबर गोल फिरत राहील. त्याला धरणारी एक पातळ स्प्रिंग असते. ती झिजली होती. तात्यांनी ती चिमट्यानं उचलून उजेडात धरली. नखाएवढी वस्तू होती.

नवी कुठून आणणार? तात्या आत गेले आणि फडताळावरचं गजराचं घड्याळ घेऊन आले. आई दारापर्यंत मागं आली. "आवो, ते चालतंय की अजून," ती म्हणाली. "चालू दे, पण राजय्याला एकच हात हाय," तात्या म्हणाले. त्यांनी घड्याळ उघडलं, आतली पट्टी कापली, दिव्याच्या ज्योतीवर तापवून वाकवली, कानशीनं घासली. पहिली तुटली. दुसरी सैल बसली. तिसरी बसली. त्यात तीन दिवस गेले. राजय्या तोपर्यंत पुडकी डोक्यावर घेऊन पायी फिरत होता आणि जाता-येता दुकानात डोकावून विचारायचा, "माझी बायको माहेरहून आली का?" सायकलीला तो बायको म्हणायचा. खऱ्या बायकोसमोर म्हणत नसावा.

चाक जागेवर बसलं ते खंडेनवमीच्या दुपारी. आता मला थोडं नीट सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं यावर आहे. असल्या हबच्या डाव्या बाजूला एक लोखंडी पट्टी असते, वीतभर लांबीची. तिचं एक टोक हबला आणि दुसरं टोक सायकलीच्या नळीला एका छोट्या पकडीनं, नट-बोल्टनं जखडलेलं असतं. ब्रेक लागतो तेव्हा सगळा जोर त्या पट्टीवर येतो. ती नळीला घट्ट नसेल तर ती स्वतःच चाकाबरोबर फिरते आणि ब्रेक राहत नाही. चाकाचे मोठे नट तात्यांनी कसले होते. त्या पकडीचा छोटा नट तेवढा राहिला होता.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. सगळे पाने, हातोड्या, कानशी, हवेचा पंपसुद्धा, धुऊन-पुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. आमच्याकडं ती हत्यारं दसऱ्याला संध्याकाळी सोनं देऊन झाल्यावरच पाटावरून उचलायची रीत होती. तोपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. ही मांडामांड माझ्याकडं होती आणि मला घाई होती, कारण दुपारच्या खेळाला मित्र थिएटरच्या दाराशी थांबणार होते. तात्या चाक बसवत होते आणि मी त्यांच्या मागून एकेक पाना उचलून धूत होतो.

"ल्हान पाना दे रं," तात्या म्हणाले.

"पाटावर ठेवला."

"कशापायी? काम व्हायचंय की अजून."

"कुंकू पण लावलं, तात्या."

त्यांनी पाटाकडं पाहिलं. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. चिमटीनं लावून ठेवतो. राजय्याला परवा यायला सांगितलंय. उद्या सांजच्याला पूजा उचलली की पयलं काम ह्ये. ह्यो नट पान्यानं कस. कसल्याबिगर सायकल दुकानाभायेर जाता कामा न्हाय. ऐकलंस?"

"ऐकलं."

"काय ऐकलंस?"

"नट कसायचा, मगच सायकल द्यायची."

"आन् म्या करकंबवरनं यायला उशीर झाला तरी?"

"तरी."

फळीपलीकडून आई ओरडली, "आवो, झाला का त्याचा पाठ घेऊन? निवद गार व्हायलाय हितं." तात्यांनी नट चिमटीत धरून फिरेल तेवढा फिरवला आणि उठले. मी सिनेमाला गेलो. सिनेमा कोणता होता ते आठवत नाही.

दसऱ्याला पहाटेच्या एसटीनं तात्या करकंबला गेले. दरवर्षी जायचे, काकांकडं गावच्या देवाला जाऊन संध्याकाळपर्यंत परत. मी दुकान उघडून बसलो होतो, गिऱ्हाइकासाठी नाही, सणाचं उघडं ठेवायचं म्हणून. गिरण्यांना सुट्टी होती. रस्त्यावरून हार घातलेल्या सायकली, हार घातलेले टांगे जात होते. आई आत पुरण वाटत होती. घटावर बांधलेल्या कडाकण्यांचा, गोड कडक पुऱ्यांचा, फुलोरा उतरवून तिनं त्या परातीत ठेवल्या होत्या आणि मी येता-जाता एकेक मोडून खात होतो.

राजय्या आला तो मुलीला घेऊन. पद्मा तिचं नाव, दहा-अकरा वर्षांची. नवा पिवळा झगा आणि केसांत भरगच्च गजरा.

"छोटे मालक," राजय्या म्हणाला, "आज सगळ्यांच्या घरात गाडी सजलीय. माजीच बायको माहेरात?"

"तात्या उद्या म्हणालेत की."

"तात्या म्हणत्यात. तुमी काय म्हणताय? दुकानावर आज कोण मालक हाय?"

पुलापलीकडं त्याच्या बहिणीचं घर होतं. सोनं द्यायला तिकडं जायचं होतं, मुलीला घेऊन. चालत गेलं तर ऊन होईल, म्हणाला. पद्मा सायकलीजवळ जाऊन उभी राहिली होती आणि कॅरिअरला हात लावून बघत होती.

मी सायकलीजवळ गेलो. खाली बसून त्या नटावर अंगठा दाबला, तात्या दाबायचे तसा. हलला नाही. मग मागचं चाक उचलून पायडल हातानं फिरवलं आणि उलटं दाबलं. चाक जागीच थांबलं. घड्याळाची पट्टी चांगली बसली होती. राजय्यानं आपल्या एका हातानं मांडीवर थाप मारून टाळी वाजवली. "थांबली की! तात्याच्या हाताला जादू हाय बघ, पद्मा." मी पाटाकडं पाहिलं. छोटा पाना डावीकडून तिसरा होता. त्यावर कुंकू होतं आणि झेंडूची एक पाकळी चिकटली होती. शेजारच्या दुकानातही हत्यारं पाटावरच होती, सगळ्या गल्लीत होती. आईला विचारलं असतं तर ती कदाचित म्हणाली असती, घे, देवाला काय कळत नाही का. कदाचित नको म्हणाली असती. मी विचारलं नाही. राजय्याला संध्याकाळी ये म्हणता आलं असतं. तेही म्हटलं नाही. नट कच्चा आहे, एवढे शब्दसुद्धा मला बोलता आले असते.

मी विसरलो होतो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगून पाहिलं. ते खरं नाही. मला आठवत होतं. मी अंगठा दाबला तो त्याचसाठी. दुकानावर आज कोण मालक आहे, हे त्याचं वाक्य मला आवडलं होतं, इतकंच. मी झेंडूचा एक हार हँडलला बांधला, एक मागं पकडीच्या जवळ नळीला बांधला, हबला कुंकू लावलं आणि सायकल त्याच्या हातात दिली. पद्मा कॅरिअरवर बसली. सायकल गेली. आवाज आला नाही.

पानटपरीवाला सांगायला आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. "दत्ता, ती गोऱ्याची सायकल पुलाच्या उतारावरनं खाली गेली. राजय्याला सिव्हिलला नेलंय. पोरगीला बी." मी म्हणालो, येतो. ताटात अर्धी पुरणपोळी होती. ती मी खाल्ली, मग हात धुतला. मला भूक होती, आणि पोळी गोड लागली. हे लिहायचं नव्हतं, पण बाकी सगळं लिहायचं आणि हे गाळायचं, असं करता येणार नाही. किती वाजले होते ते सांगता येत नाही. सुट्टीमुळं भोंगा झाला नव्हता आणि घड्याळ बंद होतं.

सिव्हिलमध्ये मी पोचलो तेव्हा राजय्या गेला होता. रेल्वेच्या पुलाचा उतार सुरू झाल्यावर त्यानं पायडल उलटं दाबलं असणार. दोघांचं वजन, उताराचा जोर. नट आट्यांवरून सुटला, पट्टी फिरली, पायाखाली काही उरलं नाही. खाली कडब्याची एक गाडी उभी होती. तिच्या चाकाच्या लोखंडी धावेवर त्याचं डोकं आपटलं. पद्मा बाजूला फेकली गेली आणि तिचा पाय मांडीत मोडला. तिच्या आईला, नरसव्वाला, मी व्हरांड्यात पाहिलं. ती तेलुगूत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. मला तेवढं तेलुगू येत होतं. सायकल दुरुस्त करून आणली होती की, असं ती म्हणत होती.

दोघांनी सायकल उचलून दुकानात आणून ठेवली. हँडल वाकलं होतं. डावी पट्टी खाली लोंबत होती. नट नव्हता, बोल्टही नव्हता. मागचा हार तसाच होता.

तात्यांना नाक्यावरच कळलं होतं. संध्याकाळी ते आले ते हातात करकंबच्या पेरूंची पिशवी आणि आपट्याची डहाळी घेऊन. त्यांनी दोन्ही वस्तू खाली ठेवल्या आणि सायकलीजवळ उकिडवे बसले. पट्टी हातात घेतली, पकडीच्या रिकाम्या भोकातून बोट फिरवलं. बराच वेळ त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

"म्या तुला सांगितलं व्हतं न्हवं?" ते म्हणाले. "नट कसायचा ऱ्हायलाय म्हणून?"

त्यांचा आवाज रागाचा नव्हता. ते खरंच विचारत होते. त्यांनी रागानं विचारलं असतं तर मी रडलो असतो, आणि रडलो असतो तर खरं बोललो असतो. असं मला वाटतं. कदाचित तेही मी नंतर रचलेलं असेल.

"न्हाय," मी म्हणालो. "तुमी म्हणालात, समदं झालंय. आता फक्त पूजा ऱ्हायली."

फळीपलीकडं आईचा स्टोव्ह पेटलेला होता.

"आसं म्हणलो म्या?"

"व्हय."

"नट कसला आसं म्हणलो?"

"समदं झालंय म्हणालात."

तात्यांनी मान हलवली. खांद्यावरचा फडका घेतला आणि पट्टीला लागलेली माती पुसायला लागले. "मग विसरलो," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "वय झालं." तेव्हा ते सेहेचाळीस वर्षांचे होते. मी आता सत्तरीत आहे आणि मला खंडेनवमीच्या दुपारची सगळी वाक्यं पाठ आहेत.

त्या संध्याकाळी हत्यारं पाटावरून कुणी उचलली नाहीत. सोनं कुणी कुणाला दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तात्या एकटेच राजय्याच्या घरी गेले, लवकर परत आले, पाय धुतले आणि बसून राहिले. तिथं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मला आईनं जेवायला वाढलं. भाकरी ताटात टाकताना ती हळू म्हणाली, "फळीला कान असत्यात, दत्तू." मी मान वर केली नाही. ती थांबली होती. मग म्हणाली, "अजून एक घे, गरम हाय." पुढं मरेपर्यंत ती त्यावर एक शब्द बोलली नाही. तिनं नवऱ्याला सांगितलं नाही, कारण मुलगा हातचा जाईल. मला विचारलं नाही, कारण मी खोटंच बोलेन. हा माझा अंदाज. तिचं कारण मला माहीत नाही.

पोलिसांनी पंचनामा केला, जबाब घेतले, तात्यांनी 'माझ्या हातून राहिलं' असं लिहून दिलं. कुणी खटला घातला नाही. गल्ली दोन महिने कमी बोलली आणि मग बोलायला लागली. बदल घरातच झाला, आणि तोही हळू. तात्यांनी ब्रेकचं काम सोडलं. "तू बघ," म्हणायचे. मग चाकाचे नट. मग काहीही कसलं की मला हाक यायची. "दत्ता, बघ रं, कसलाय का?" मी जाऊन बघायचो. कसलेलाच असायचा, इतका की काढायला पाना वाकावा. "कसलाय, तात्या." "नक्की?" "नक्की." मग ते उठायचे. अंगठा दाबायची सवय गेली. दाबलाच तर त्यावर त्यांचा विश्वास बसायचा नाही. माझ्या शब्दावर बसायचा. संध्याकाळी कुलूप लावून घरात आले की परत जाऊन ओढून बघायचे, जेवताना उठून बघायचे, शेवटी मला पाठवायचे. पाच-सहा वर्षांत दुकान माझ्या नावावर झालं. दत्ताचा हात पक्का, असं लोक म्हणायला लागले. ते तात्यांच्या समोर म्हणायचे, आणि तात्या मान हलवायचे.

एकदाच त्यांनी विषय काढला. बरीच वर्षं झाली होती, माझं लग्न झालं होतं. चाकाच्या तारा लावत बसलो होतो आणि ते मागून म्हणाले, "त्या दिशी म्या नेमकं काय म्हणलो व्हतो रं? शब्द सांग. मला आठवतंय त्ये येगळंच कायतरी आठवतंय." मी हातातली तार खाली ठेवली नाही. "तुमी म्हणालात, समदं झालंय. आता फक्त पूजा ऱ्हायली." "आस्सं," ते म्हणाले. "मला वाटलं, तुझ्याकडनं म्हणून घेतलं व्हतं म्या." "न्हाय, तात्या." तार बसली. ते गेल्यालाही आता तीस वर्षं झाली असतील.

हे मी कधी लिहिलं नसतं. पण परवा माझा मुलगा त्याच्या मुलाला रागावत होता, गॅस नीट बंद केला नाही म्हणून. "तुझे पणजोबा एकदा एक नट कसायला विसरले आणि माणूस मेला," तो म्हणाला. "म्हणून आपल्या घरात सगळं दोनदा बघायचं." मी शेजारी पेपर वाचत होतो. नातवानं विचारलं, "आबा, खरं का हो?" मी म्हणालो, "व्हय." पुन्हा तोच शब्द. दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून पूर्व भागात गेलो आणि विचारत विचारत पद्माचं घर शोधलं.

ती दारात बसून विड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पानं आणि कात्री. एक पाय लांब केलेला. तो तिला त्यानंतर नीट दुमडता आलेला नाही. मी नाव सांगितलं. "वळखलं की," ती म्हणाली. "तात्यांच्यासारकंच नाक हाय. बसा." मी पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं, इथं लिहिलंय त्याच क्रमानं. पोळीचंही सांगितलं. तिचे हात चालू होते. पान, तंबाखू, गुंडाळी, दोरा. मी बोलायचा थांबलो तरी चालू होते.

"दसऱ्याला तात्या कुठं जायाचे, म्हायती हाय का तुमाला?" तिनं विचारलं.

"करकंबला जायचे. मग त्या वर्षानंतर बंद केलं. दुपारी कुठंतरी जाऊन यायचे. देवळात जात असतील."

"आमच्याकडं यायाचे. दर साली. आपट्याचं पान घिऊन. आई दार लावून घ्यायाची. ते भायेर उभं ऱ्हायाचे आन् म्हणायचे, नरसव्वा, माज्या हातून झालं. आई आतनं शिव्या द्यायाची. तेलुगूत, मराठीत, जे तोंडाला यील ते. तुमच्या आयबापासकट. ते समदं ऐकायचे. मग पान उंबऱ्यावर ठिऊन जायाचे. आई गेली तवर. सोळा वर्सं."

मला हे माहीत नव्हतं. मी तसं म्हणालो.

"तुमाला कसं असंल," ती म्हणाली. "मला दया यायाची त्यांची. मी आईला म्हणायची, विसरतंय की माणूस, सोड आता. मरायच्या आदल्या दसऱ्याला पण तिनं सोडलं न्हाय. खाटंवरनं बोलली त्यांना." तिनं हातातली विडी बांधली, दोऱ्याचं टोक दातानं तोडलं. "म्हंजे माज्या आईनं सोळा वर्सं चुकीच्या माणसाला शिव्या घातल्या. तिच्याकडं दुसरं काय व्हतं? राग तेवडा व्हता. तो पण तुमी फुकट घालवला की."

ती माझ्याकडं बघत होती, उत्तर येतंय का म्हणून. मग तिनं सूप जवळ ओढलं आणि पुढचं पान कापायला कात्री उचलली.